१२३४५६७९: आठ गायब असलेल्या आकड्याशी खेळताना या चुका टाळा

आमच्या अण्णांचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्याशेजारी एक मोठा बारा आकडी कॅल्क्युलेटर असायचा, त्याच्या अधिकच्या बटणावरची खूण घासून पार पुसली गेलेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अण्णा विचारायचे, बोल, एक ते नऊमधला तुझा आवडता आकडा कुठला. मी म्हणायचो सात. मग दाब १२३४५६७९, मधला आठ गाळायचा हं, आणि गुणिले ६३, सात नवे त्रेसष्ट. स्क्रीनभर ७७७७७७७७७. मला कितीतरी दिवस वाटायचं की जादू त्या कॅल्क्युलेटरमध्ये आहे. एकदा मामाच्या खिशातल्या छोट्या कॅल्क्युलेटरवर हेच करून दाखवायला गेलो तर नुसता ई आला आणि सगळे हसले. कारण साधं होतं, तो आठ आकडी होता, १२३४५६७९ त्यात बरोब्बर मावतो पण उत्तर नऊ आकडी येतं आणि त्याला जागाच नाही. ही माझी या आकड्यातली पहिली चूक. पुढच्या बऱ्याचशा माझ्या क्लासच्या पोरांनी केल्या, काही मी पण केल्या.

आकडा वाचायचा असेल तर एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. निम्मी पोरं इथेच 'एकोणसत्तर' म्हणतात. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर नऊ' अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण एकोणऐंशीला अडखळणारं पोरगं बघितलं की मला त्या पुस्तकवाल्यांचं थोडंफार पटतं. असो.

आठ घालू नका, आणि फॉरवर्डवर तर अजिबात जाऊ नका

व्हॉट्सॲपवर एक मेसेज दर दोनचार महिन्यांनी फिरून येतो, की १२३४५६७८९ ला ९ ने गुणा, सगळे एक येतात. नाही येत. करून बघा, ११११११११०१ येतं, शेवटून दुसऱ्या जागी शून्य टपकतं. खरी गंमत अशी आहे की १२३४५६७८९ × ९ + १० केलं तर सलग दहा एक येतात, तो + १० कुणीतरी पुढे ढकलताना खाल्लाय. तसंच १२३४५६७८ × ९ म्हणजे १११११११०२, त्यात ९ मिळवले तरच नऊ एक. काहीही न मिळवता थेट नऊ एक देणारा आकडा एकच, १२३४५६७९. आणि हे उलटं करून बघितलं तर लगेच पटतं, नऊ एक लिहा आणि ९ ने भागा, दुसरं काही उत्तर येऊच शकत नाही.

पण मग आठ जातो कुठे? पोरं हा प्रश्न विचारत नाहीत, "सर तो तसाच आकडा आहे" म्हणून सोडून देतात, आणि मला वाटतं पुढच्या निम्म्या चुका या न विचारण्यातूनच येतात. १/९ म्हणजे ०.१११११…, त्याला परत ९ ने भागलं की १/८१. आता १/९ ला १/९ ने गुणायचं म्हणजे त्या एकांच्या रांगा एकेक घर सरकवून एकाखाली एक लिहायच्या आणि बेरीज करायची. दशांश चिन्हानंतर पहिल्या घरात ० येतो, दुसऱ्यात १, तिसऱ्यात २, मग ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११ असं चढत जातं. एका घरात १० तर मावत नाही, शून्य ठेवून हातचा एक डावीकडे द्यायचा. डावीकडे बसलाय ९, तो होतो १०, तो पण शून्य ठेवून हातचा पुढे ढकलतो. त्याच्या डावीकडे ८, तो होतो ९ आणि तिथे थांबतं. म्हणजे आठ गायब वगैरे काही झाला नाही, हातच्याने त्याचा नऊ झाला, आणि मूळचा नऊ शून्य होऊन बसला. म्हणून १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं चालत राहतं.

इथे आवर्ती भाग, म्हणजे परत परत येणारा गट, लिहिताना हमखास मार्क जातात. तो गट '१२३४५६७९' असा आठ अंकांचा नाहीये, '०१२३४५६७९' असा नऊ अंकांचा आहे. पुढचं शून्य शोभेचं नाही, ते गाळलं तर पुढची सगळी घरं एकेकाने सरकतात आणि तुम्ही भलताच अपूर्णांक लिहून बसता.

"सर, मूळ संख्या आहे!"

ही सगळ्यात लाडकी चूक. शेवटी ९ आहे म्हणजे २ ने, ५ ने जात नाही. अंकांची बेरीज ३७, म्हणजे ३ ने जात नाही. एवढ्यावर वर्गातले दहाजण हात वर करतात. एका वर्षी सातवीतली एक मुलगी खरोखर भागत बसली होती, वहीची दोन पानं भरली होती तिने. ७ ने बाकी ३, ११ ने ५, १३ ने ८, १७ ने ७, १९ ने ११, २३ ने १५, २९ ने बाकी फक्त २, ३१ ने २२. सगळे भागाकार बरोबर, एकही चूक नाही, आणि ३१ नंतर कंटाळून खाली दोन रेघा मारून लिहिलं, मूळ संख्या. पुढची मूळ संख्या होती ३७. आणि ३७ ने ती पूर्ण जाते, ३७ × ३३३६६७.

कुठवर तपासायचं हे आधी ठरवा, कंटाळा येईपर्यंत नव्हे. वर्गमूळापर्यंत जावं लागतं. ३५१३ चा वर्ग १,२३,४१,१६९ आणि ३५१४ चा १,२३,४८,१९६, म्हणजे ३५१३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्याशिवाय 'मूळ' म्हणायचा हक्क नाही. हो, हाताने करायला बसलं तर रविवार जाईल, पण नियम तो नियम.

स्वल्पविराम बघून गट पाडू नका

३७ ने भाग जातो का ते बघायची एक मस्त कसोटी आहे. ९९९ म्हणजे २७ × ३७, त्यामुळे १००० ला ३७ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा, त्यांची बेरीज करा, बेरजेला ३७ ने भाग गेला तर आख्ख्या आकड्यालाही जातो. १२, ३४५, ६७९. बेरीज १०३६. परत गट, १ आणि ०३६, बेरीज ३७. इतकं सुंदर उत्तर आलं की मी फळ्यावर जरा वेळ तसंच ठेवतो.

पण आपण लिहितो १,२३,४५,६७९. आणि पोरं गट पाडतात स्वल्पविराम बघून, १ + २३ + ४५ + ६७९ = ७४८, ३७ विसे ७४०, बाकी ८, "सर जात नाही". कसोटी बरोबर, गट चुकले. आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात, ही कसोटी मागते तीन-तीन. ७, ११ आणि १३ साठीच्या १००१ वाल्या कसोटीतही (७ × ११ × १३ = १००१) हाच घोळ होतो, तिथे गट आलटून पालटून वजा-अधिक करायचे असतात, ६७९ − ३४५ + १२ = ३४६, आणि ३४६ ला ७ ने भागून बाकी ३, ११ ने ५, १३ ने ८, वर त्या मुलीला आल्या होत्या अगदी त्याच. तर अशा कसोट्यांसाठी आकडा आधी स्वल्पविराम न देता लिहून काढा. मी तर पेन्सिलीने उजवीकडून उभ्या रेघा मारायला लावतो.

बेरीज ३७, म्हणून ३७ ने जातो?

नाही! आणि हा सापळा इतका गोड आहे की मोठी माणसंही अडकतात. अंकांची बेरीज ३७, आकड्याला ३७ ने भाग जातो, मग लगेच नियम तयार. बेरीज बघून भाग जातो की नाही सांगायची सोय फक्त ३ आणि ९ ची आहे. १९९९९ घ्या, बेरीज ३७ च आहे, पण ३७ × ५४० = १९९८०, बाकी १९. किंवा आपल्याच आकड्याचे शेवटचे दोन अंक उलटे करा, १२३४५६९७, बेरीज तीच, आकडा १८ ने वाढला आणि ३७ चा भाग संपला.

पण योगायोग म्हणून मात्र त्याला मान आहे, आणि तो मान आपल्याच माणसाने दिलाय. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. ६१७४ वाले कापरेकर म्हटलं की बहुतेकांना आठवतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. १८ हर्षद आहे कारण १ + ८ = ९ आणि ९ ने १८ ला भाग जातो. १२३४५६७९ पण हर्षद.

इथे दोन चुका होतात. पहिली, बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जाणं. ३७ ची परत बेरीज १०, परत १, आणि मग "१ ने भाग जातो म्हणजे हर्षद". अहो १ ने कशाला भाग जात नाही? हर्षदसाठी पहिलीच बेरीज धरायची, तिथेच थांबायचं. दुसरी चूक म्हणजे हर्षद संख्येला कापरेकर संख्या म्हणणं, नाव देणारा माणूस एकच म्हणून. कापरेकर संख्या वेगळी, ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ परत ४५, तसली. आपल्या आकड्याचा वर्ग १५२४१५७८९९७१०४१, त्याचे उजवीकडचे आठ अंक आणि डावीकडचे सात वेगळे करून मिळवले तर ९१४९५१९८ येतं. म्हणजे कापरेकर संख्या नाही, हर्षद आहे.

३३३६६७ वर येऊन थांबू नका, पण वेड्यासारखं भागतही बसू नका

३७ मिळाला की पोरं खूश होऊन ३३३६६७ ला 'मूळच असणार' म्हणून चौकट काढतात. आहे ती मूळ, पण 'असणार' म्हणून नाही चालत. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ५७८ चा ३,३४,०८४, म्हणजे ५७७ पर्यंत तपासायचं, आणि तिथवर १०६ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार कोण करणार, म्हणून एक शॉर्टकट सांगतो, नववी-दहावीच्या पोरांना झेपतो. ३३३६६७ × ३ = १००१००१, आणि हा १००१००१ नऊ नवांच्या आकड्याला, म्हणजे ९९९९९९९९९ ला, भागतो. त्यामुळे ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव घेतला तर त्याने १० च्या नवव्या घाताला भागून बाकी १ च राहणार. आता १० चा पहिला किंवा तिसरा घातच बाकी १ देतो असे मूळ अवयव म्हणजे फक्त ३ आणि ३७, त्यांनी ३३३६६७ जात नाही हे दोन मिनिटांत कळतं (३७ × ९०१८ = ३३३६६६, एकाने हुकलं!). बाकी कुठलाही असेल तर फर्माच्या छोट्या प्रमेयाने (अशा मूळ संख्येने १० च्या 'ती संख्या वजा एक' एवढ्या घाताला भागलं की बाकी १ येते) त्यातून एक वजा केल्यावर ९ ने भाग जायलाच हवा, आणि तो विषम असल्याने त्याला १८ ने भागून बाकी १ यायलाच हवी. ५७७ पर्यंत असल्या मूळ संख्या ३७ धरून फक्त १७ आहेत, १९, ३७, ७३, १०९, १२७ करत करत ५२३, ५४१, ५७७.

सतरा भागाकार एका तासात होतात. मी केलेत. ५२३ ला छातीत धडधडलं होतं, ५२३ × ६३८ = ३३३६७४, फक्त सातने चुकलं. कुणानेच भाग जात नाही, तेव्हा आता चौकट काढा.

मूळ अवयव कळले की बाकीचं पटकन होतं. विभाजक चार, १, ३७, ३३३६६७ आणि स्वतः. 'अवयव दोन' लिहून मार्क घालवू नका, प्रश्नात मूळ अवयव विचारलेत की सगळे विभाजक ते आधी वाचा. चारांची बेरीज १,२६,७९,३८४, स्वतःला सोडून ३,३३,७०५. आणि सहमूळ संख्या, म्हणजे आपल्या आकड्यापर्यंतच्या ज्यांचा त्याच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नाही अशा, मोजताना एकाने मला सांगितलं होतं, विभाजक चार तर सहमूळ नसलेल्याही चारच. तसं नसतं, ३७ चा प्रत्येक पट आकडा बाद होतो. सहमूळ येतात ३६ × ३३३६६६ = १,२०,११,९७६, म्हणजे सहमूळ नसलेल्या ३,३३,७०३ निघतात.

दर वेळी एक अंक गायब होतोच असं नाही

२ ने गुणा, ०२४६९१३५८, सात गायब. ४ ने ०४९३८२७१६, पाच गायब. ५ ने चार, ७ ने दोन, ८ ने ०९८७६५४३२ आणि एक गायब. म्हणजे ज्याने गुणलं तो ९ मधून वजा करा, तो अंक गायब. पोरं टाळ्या पिटतात आणि लगेच ३ ने गुणतात, ०३७०३७०३७, सगळा नियम कोसळला. ३ च्या पटींना हे लागूच नाही, तिथे तीन अंकांचं तुणतुणं वाजत राहतं, ६ ला ०७४, १२ ला १४८. आणि पुढचं शून्य मोजायला विसरलात तर २, ४, ५ ला पण 'दोन अंक गायब' दिसतील, ती वेगळीच चूक.

कॉम्प्युटरवर भरवसा ठेवताना

एक्सेलमध्ये ०१२३४५६७९ टाकलं की पुढचं शून्य उडतं, सेल आधी टेक्स्ट करून घ्या. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पुढे शून्य लावून आकडा लिहिला तर एररच येतो. वर्ग १५ अंकी आहे आणि एक्सेल १५ अंकच अचूक ठेवतो, त्यामुळे तो काठावर वाचतो, फक्त सेल जनरलवर असेल तर १.५२४१६ आणि पुढे घात असं काहीतरी दिसतं, फॉरमॅट बदला. घन मात्र २२ अंकी, तिथे शेवटचे सात अंक शून्य दाखवले जातात. शेवटचा अंक ९ च हवा हे तोंडी कळतं (नऊ नवे एक्क्याऐंशी, नऊ एके नऊ), तरी लोक एक्सेलचं शून्य डोळे मिटून उतरवतात.

आणि ३२ बिटच्या फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या दशांश संख्या साठवायच्या एका पद्धतीत, तर मजाच. १२३४५६७९ त्यात नीट बसतो कारण तो १,६७,७७,२१६ च्या (२ चा चोविसावा घात, इथवरचे सगळे पूर्णांक त्यात अचूक बसतात) आत आहे. त्याला ९ ने गुणलं की उत्तर येतं ११११११११२. नऊ एक यायचे तिथे शेवटी दोन! त्या उंचीवर हा प्रकार आठ-आठच्या उड्या मारतो, एकांचा आकडा त्याच्या पायरीवर येतच नाही, म्हणून जवळच्या पायरीवर पाय ठेवतो. एका प्रोग्रामिंगवाल्या भाच्याने दोन तास यात घातले, शेवटी म्हणाला, मामा तुमचा आकडाच चुकीचा आहे.

उत्तर तपासायला आपला जुना नवाचा ताळा आहेच, अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची. आकड्याची बेरीज शेवटी १, म्हणून वर्गाचीही १ यायला हवी, वर्गाच्या अंकांची बेरीज ६४, मग १०, मग १, जुळलं. पण ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असं समजू नका, १२३५४६७९ लिहिलंत, पाच आणि चार उलटे, तरी नवाचा ताळा खुशाल जुळतो. अंकांची अदलाबदल त्याला कळतच नाही. त्यासाठी अकराचा ताळा घ्या, उजवीकडून आलटून पालटून अधिक-वजा. बरोबर आकड्याला ५ येतं, उलट्याला ७, चोर लगेच सापडतो.

अण्णांची जादू मी आजही पहिल्या दिवशी करतो, फक्त मोबाईलवर. मागच्या जूनमध्ये एकाला आवडता आकडा विचारला तर तो म्हणाला बारा. एक ते नऊमधला सांग म्हटलं तर ऐकेना, त्याचा वाढदिवस बारा तारखेचा. म्हटलं दाब मग गुणिले १०८. आलं १३३३३३३३३२. तो जरा हिरमुसला, सगळे तीन आले असते तरी चाललं असतं म्हणाला, हा पुढचा एक आणि शेवटचा दोन कशाला. मी काहीच बोललो नाही. त्याने वहीत नऊ घरं काढली, प्रत्येक घरात बारा लिहिला, आणि उजवीकडून एकेक हातचा देत गेला.